ऊन पाणी आणि प्रसूति



पनवेल हें तळ्यांचें गांव, तसेंच औषधांचेंहि. येथेंच १८७२ सालीं कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं धूतपापेश्वर कारखान्याचा पाया घातला आणि आयुर्वेदीय औषधें घरोघर पोंचूं लागलीं. अशा गांवीं सहज प्रश्न पडतो: वेणा देणाऱ्या स्त्रीनें ऊन पाण्यांत बसावें, किंबहुना पाण्यांतच प्रसूत व्हावें, ही कल्पना जुनी कीं नवी? आणि ती कितपत सुरक्षित आहे?

प्रथम आपले ग्रंथ पाहूं. सुश्रुताच्या शारीरस्थानांत आसन्नप्रसवा स्त्रीस तेल लावून ऊन पाण्यानें न्हाऊं घालावें व नंतर पोटभर पेज पाजावी, असें सांगितलें आहे. मात्र हें न्हाणें झालें. पाण्यांत बसणें नव्हे. चरकानें स्वेदाचे तेरा प्रकार दिले आहेत. त्यांत ऊन काढ्याच्या पात्रांत बसण्याचा ‘अवगाह’ आहे खरा. पण स्वेद कोणास देऊं नये, त्या यादींत गर्भिणीहि आहे. तेव्हां पाण्यांतील प्रसूति आपल्या पूर्वजांची, असा अभिमान बाळगण्याचें कारण नाहीं. ऊन पाण्याचें सुख त्यांना ठाऊक होतें, तसाच उष्णतेचा धोकाहि.

पाण्यांतील जन्माची जी जुनी नोंद वैद्यकीय वाङ्मयांत नेहमीं दाखविली जाते, ती फ्रान्समधील, १८०३ सालची. दोन दिवस वेणा देऊन थकलेल्या एका स्त्रीस विसाव्यासाठीं ऊन पाण्यांत बसविलें, आणि ती बाहेर येण्यापूर्वींच मूल जन्मलें. पुढें त्याच देशांत मिशेल ओदां यांनीं पिथिव्हिए येथील रुग्णालयांत पाण्याचें कुंड ठेवलें, आणि अशा शंभर जन्मांचा वृत्तांत १९८३ सालीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत प्रसिद्ध केला. तेथून ही पद्धत इंग्लंडांत व इतरत्र पसरली.

पाण्यांत शरीराचा भार हलका होतो, स्नायू सैल पडतात व स्त्रीस कूस पालटणें सोपें जातें. पंधरा प्रयोगांतील ३,६६३ स्त्रियांचा आढावा २०१८ सालीं निघाला. वेणांच्या पहिल्या अवस्थेंत पाण्यांत बसलेल्यांना कण्यांतून भूल देण्याची गरज कमी लागली, आणि मुलास अधिक अपाय झाल्याचें दिसलें नाहीं.

प्रत्यक्ष जन्माची गोष्ट निराळी. ब्रिटनमधील २०२४ च्या मोठ्या पाहणींत, निरोगी स्त्रियांच्या बाबतींत पाण्यांतील जन्म बाहेरच्या जन्माहून अधिक धोक्याचा ठरला नाहीं; नाळ अवेळीं तुटण्याचें प्रमाण मात्र थोडें अधिक आढळलें. अमेरिकेंतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेनें पहिल्या अवस्थेंतील पाण्यास मुभा दिली. जन्म मात्र बाहेरच व्हावा, असा सल्ला २०१६ सालीं दिला.

यांतून गृहिणींनीं काय घ्यावें? दिवस पूर्ण भरलेले, प्रकृति निकोप, कुंड निर्जंतुक, शिकलेली सुईण जवळ आणि गरज पडतांच बाहेर काढण्याची सोय, इतकें असेल तरच हा मार्ग. पाणी ३७.५ अंशांवर नसावें. आई तापली कीं गर्भहि तापतो. बाळाच्या न्हाणास कोपर बुडवून पाहतात; येथें उष्णतामापकच हवा. मूल जन्मतांच त्याचें तोंड पाण्याबाहेर यावें, कारण त्याचा पहिला श्वास हवेंतच झाला पाहिजे.

म्हणून घरच्या न्हाणींत हा प्रयोग कोणीं करूं नये. ज्यांना ही इच्छा असेल त्यांनीं दिवस भरत येण्याआधींच आपल्या डॉक्टरांस विचारावें.