छै आगर छै कोरी : रायपूर ते आरंग, सायकलवरून वाचायचा इतिहास

रायपूरहून आरंगला सायकलने जायचे म्हटले की मोबाइलमधला नकाशा तुम्हाला सरळ राष्ट्रीय महामार्ग ५३ दाखवतो. अंतर चाळीसएक किलोमीटर, रस्ता सपाट, चढ जवळजवळ नाहीच. पण या टिपणात आपण मंदिर हसौदपाशी महामार्ग सोडणार आहोत, चंदखुरीला वळसा घालून गावांमधून आरंगला पोहोचणार आहोत. वळणाने काही किलोमीटर वाढतात. त्याबद्दल ट्रकांची वर्दळ मागे राहते आणि वाटेत तलाव लागतात. या प्रवासात एकच प्रश्न सोबत ठेवा : वाटेवरच्या देवळांना काळ आहे, शैली आहे, पुष्कळदा बांधणाऱ्याचे नावही आहे; मग ज्या पाण्याच्या आधाराने ती देवळे उभी राहिली, त्या पाण्याला इतिहास का नाही?

आपण निघू गुढियारीतून, म्हणजे रायपूर स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीतून. इथल्या मच्छी तलावाजवळचे हनुमानाचे देऊळ साऱ्या शहराला ठाऊक आहे. तलाव मात्र लोक पत्ता सांगण्यापुरता वापरतात. मीही कैक वर्षे तसाच वापरला. पहाटे निघा, डिसेंबर ते फेब्रुवारीत निघा; धान कापून झालेले असते आणि शेताच्या बांधांची जाळी नीट दिसते. अंडरब्रिजखालून शहरात शिरून जी. ई. रोडने पूर्वेला गेलात की तेलीबांधा येते. सकाळी फिरायला येणारे त्याला मरीन ड्राइव्ह म्हणतात. जुने नाव अधिक बोलके आहे. त्यात एक जात आहे आणि एक बांध आहे.

रायपूरच्या तलावांची नावे एकदा सलग म्हणून पाहा : तेलीबांधा, महाराजबंध, रजबंधा, कंकाली, बूढा तालाब. यातल्या तीन नावांत ‘बंध’ किंवा ‘बांधा’ आहे, म्हणजे ही निसर्गाने दिलेली तळी नव्हेत, कुणीतरी माती उचलून पाळ घातली आहे. चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेल्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरची दुसरी आवृत्ती १८७० साली निघाली. तिच्यात रायपूरच्या तलावांबरोबर ते बांधणाऱ्यांचे उल्लेख येतात, आणि ते सगळे राजे नाहीत. कुठे व्यापारी आहे, कुठे गोसावी महंत, कुठे सारावसुलीचा मक्तेदार. शहरातला पैसा पाण्यात कसा जिरत होता, हे त्यावरून कळते. यातला रजबंधा आज नाही. तो बुजला, त्या जागेला रजबंधा मैदान म्हणतात आणि तिथे इमारती आहेत. नाव उरले आणि पाणी गेले, अशी उदाहरणे तुमच्या शहरातही सापडतील. रस्त्यांच्या आणि चौकांच्या नावांत ‘तलाव’ किंवा ‘तळे’ शोधा.

मराठी वाचणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूरला राहून कारभार पाहत होते. त्यांच्यानंतर सुभेदार आले, जुन्या गढांच्या जागी परगणे आले, कमाविसदार आणि फडणवीस हे शब्द छत्तीसगढच्या दप्तरात शिरले. १८१८ नंतर कर्नल अॅग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले आणि १८५४ मध्ये सारे राज्यच खालसा झाले. भोसल्यांचा काळ म्हटला की आपण राममंदिर आणि मठांना मिळालेली देणगी आठवतो. गावात खरी सत्ता मात्र गौंटियाची होती. सारा तो गोळा करी, आणि ‘लाखाबाटा’ नावाच्या रिवाजाने ठरावीक काळाने गावच्या जमिनीची फेरवाटणी होई, चांगली-वाईट माती सगळ्यांच्या वाट्याला यावी म्हणून. जिथे शेत कायमचे आपले नाही, तिथे माणूस स्वतःच्या शेतात विहीर खोदायला फारसा धजावत नसणार. गावाचा तलाव ही त्यामुळे सोय तर होतीच, पण कदाचित गावाला एकत्र बांधणारी सर्वांत टिकाऊ वस्तूही होती. हा माझा तर्क आहे, तो तपासून पाहण्यासारखा आहे.

मंदिर हसौदला महामार्ग सोडून उत्तरेकडे वळलात की वारा ऐकू येऊ लागतो. चंदखुरी रायपूरपासून सत्तावीसएक किलोमीटर. इथल्या जलसेन तलावाच्या मध्यभागी कौसल्या मातेचे मंदिर आहे. पुलावरून चालत जाता येते. २०२१ मध्ये परिसराचे नूतनीकरण झाले आणि आता बसगाड्या भरून यात्रेकरू येतात. कौसल्येचे माहेर हेच, अशी इथली श्रद्धा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने श्रद्धा आणि पुरावा यांचे खाते वेगळे ठेवावे, एकाने दुसरे खोडू नये. पुरावा इतके सांगतो की या प्रदेशाचे कोसल (पुढे दक्षिण कोसल) हे नाव प्राचीन आहे. समुद्रगुप्ताच्या अलाहाबादच्या प्रशस्तीत कोसलच्या महेंद्राचा उल्लेख आहे. गावात एक जुने संरक्षित शिवमंदिरही आहे. तिकडे गर्दी नसते. शांतपणे बघता येते.

पुलावर उभे राहून थोडे गणित करा, कारण मी शेवटी अभियांत्रिकीचा मास्तर. तलाव सोळा एकरांचा सांगतात, म्हणजे सुमारे ६५,००० चौरस मीटर. सरासरी खोली २ मीटर धरली तर १ लाख ३० हजार घनमीटर पाणी. इथे पाऊस वर्षाला १२०० ते १३०० मिलिमीटरच्या आसपास, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मार्चपासून पाऊस येईपर्यंतचे शंभर दिवस धरा. उन्हाने रोज ६-७ मिलिमीटर पाणी उडाले तरी ६०-७० सेंटिमीटर गेले, म्हणजे खोलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, मुरणारे वेगळेच. आता कळेल की गाळ काढणे हे गावाचे दरवर्षीचे काम का होते. तलाव गाळाने उथळ झाला की पसारा तितकाच दिसतो आणि वैशाखात तळ उघडा पडतो. पाळ नेहमी उताराच्या बाजूला असते. तिच्या एका टोकाला जादा पाणी जाण्याची वाट असते. मराठीत आपण सांडवा म्हणतो, इथे ‘उलट’ म्हणतात. घाटाच्या पायऱ्या म्हणजे ‘पचरी’. काही तलावांच्या मधोमध लाकडी खांब दिसेल. तलाव खोदला की त्याचे लग्न लावायची पद्धत होती, हा खांब त्या लग्नाचा. लग्न लागल्याशिवाय पाणी देवकार्याला चालत नसे.

चंदखुरीहून आरंगकडे जाताना चहाच्या टपरीवर कुणालाही विचारा, आरंगात तलाव किती? वयस्कर माणूस असेल तर उत्तर येईल : छै आगर छै कोरी. कोरी म्हणजे वीस, आपल्याकडची ‘कोडी’. सहा कोऱ्या म्हणजे १२०, वर सहा, एकूण १२६. गंमत अशी की रतनपूरला विचारा, मल्हारला विचारा, धमध्याला विचारा, हाच आकडा येतो. प्रत्येक जुन्या गावात नेमके १२६ तलाव असणे शक्य नाही. मग हा आकडा खोटा का? मला तसे वाटत नाही. ती मोजणी नव्हे, तो दर्जा आहे. आमचे गाव जुने, भरलेले, राजधानीच्या तोलाचे, असे सांगण्याची ती रीत. मौखिक साधने वापरताना हा फरक ओळखता आला नाही तर आपण आकड्याच्या मागे धावतो आणि बोलणाऱ्याचे म्हणणे हातून सुटते.

आरंगला पोहोचलात की आधी भांड देऊळ बघा. अकराव्या-बाराव्या शतकातले जैन मंदिर, भूमिज शैलीचे, तारकाकृती तळ असलेले. पुढचा मंडप पडला आहे आणि शिखर अजून उंच उभे आहे. आत तीन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. बाहेरच्या भिंतीवरच्या शृंगारिक शिल्पांवरून ‘भांड’ नाव पडले असे सांगतात. गावच्या नावाची कथा मोरध्वज राजाच्या आऱ्याची, म्हणजे करवतीची.

याच आरंगला एक ताम्रपट मिळाला, भीमसेन (दुसरा) नावाच्या राजाचा. त्यावरचे वर्ष रायबहादूर हीरालाल यांनी २८२ असे वाचले. पुढे नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी तेच १८२ असल्याचे दाखवले. गुप्त संवत धरला तर पहिल्या वाचनाने इ. स. ६०१ येते, दुसऱ्याने ५०१. एका चिन्हावरून शंभर वर्षांचा फरक. मिराशींनी कलचुरी-चेदी काळातल्या लेखांचा जो मोठा खंड १९५५ मध्ये प्रसिद्ध केला, तो ग्रंथालयात मिळाला तर जरूर चाळा. त्यात बाराव्या शतकातला वल्लभराज नावाचा सामंत भेटतो. त्याने अकलतऱ्याजवळ तलाव बांधून त्याला वल्लभसागर हे आपलेच नाव दिले. त्यात खल्लारीचा १४१५ चा लेखही आहे, देवपाल नावाच्या मोच्याने नारायणाचे मंदिर बांधल्याचा. पंधराव्या शतकात एका चर्मकाराचे नाव, बापाआजाच्या नावांसह दगडावर कोरले गेले, ही साधी गोष्ट नव्हे.

पण दगडावर नाव येते ते पैसे देणाऱ्याचे. माती उचलणाऱ्याचे नाव कुठेच नाही. ते शोधायचे तर गाण्याकडे जावे लागते. छत्तीसगढात दसमत कैनाची गाथा गातात. ती तलाव खोदत फिरणाऱ्या ओड लोकांतली, आणि तिच्यावर भाळलेल्या राजाला ती नाकारते. शिलालेखात राजा मोठा असतो, या गाथेत मात्र तो लहान होतो.

मग हे तलाव मोडकळीला का आले? देवळांप्रमाणे कुणी स्वारी करून ते पाडले नाहीत. कागदाने पाडले. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी गौंटियांना मालगुजार, म्हणजे गावाचे मालक केले. तलावही त्यांचे झाले. नंतर सरकारने कालवे काढले आणि पाण्याला दर लागला. धमतरीजवळच्या कंडेल गावावर १९२० मध्ये कालव्याचे पाणी चोरल्याचा आळ घेऊन दंड बसवला गेला, तेव्हा सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले आणि छोटेलाल श्रीवास्तव यांनी सत्याग्रह उभा केला. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ३१ मार्च १९५१ ला हक्क सरकारजमा झाले. कायदा न्याय्य होता, याबद्दल मला शंका नाही. पण मालगुजार जुलूम करी तसाच गावाला जुंपून गाळही काढून घेई. ते काम कुणाच्या अंगावर, हे नव्या व्यवस्थेत नीट ठरलेच नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. तेव्हा तेही याच मध्य प्रदेशात होते, तोच कायदा तिथे लागला. तिथले ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव. नाते नव्हे, संक्षेप आहे तो.

परतताना एखाद्या लहान गावात, जिथे फलक नाही आणि देऊळही नाही, तिथे तलावाच्या पाळीवर सायकल टेका. पाळीवरची झाडे किती जुनी आहेत, पचरीचे दगड कोणत्या मोडक्या देवळातून आले, उलट बुजवून कुणी घर तर बांधले नाही ना, हे लिहून घ्या. दुपारी धुण्याला आलेल्या बायकांना तलावाचे नाव विचारा. पुरुष बहुधा ‘बडे तालाब’ एवढेच सांगतात. मग तहसील कचेरीत त्या गावचा वाजिब-उल-अर्ज मागा. गावच्या रूढ हक्कांची नोंद म्हणजे वाजिब-उल-अर्ज. त्यात कुणाला कोणत्या तलावातून पाणी घेता येते, वाट कुठून जाते, हे सापडू शकते. भाषा हिंदी, शब्द फारसी, अक्षर पटवाऱ्याचे. पहिल्या पानाला एक दिवस लागेल. जुन्या पटवाऱ्यांपैकी कुणी सोबत आला तर अर्धा.