अल्लादिया खाँसाहेब कोणाकडचे?

गेला महिनाभर रात्रीची जेवणे उरकली की माझ्यापुढे दोन पुस्तके असतात. एक गोविंदराव टेंबे यांचे १९३९ सालचे ‘माझा संगीत व्यासंग’, दुसरे उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या आठवणींचे. कानात केसरबाई केरकरांची जुनी ध्वनिमुद्रिका चालू असते.

निमित्त झाले माझ्या वर्गातल्या एका मुलाचे. उर्दू शाळेत मराठीचा तास चालू होता. बोलता बोलता मी खाँसाहेबांचे नाव घेतले. मुलाने विचारले, “सर, ये अपने वाले हैं या मराठीवाले?” मी म्हटले, “दोन्हींचे.” मुले हसली, घंटा झाली आणि विषय तिथेच संपला. पण माझे मलाच ते उत्तर उडवाउडवीचे वाटले. नीट उत्तर द्यायचे तर इतिहासात शिरायला हवे होते.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ मधला, जयपूरच्या परिसरातल्या उणियारा इथला. वडील लवकर गेले. तालीम मिळाली ती काका जहाँगीर खाँ यांच्याकडे. तरुणपणी अतिगाण्याने त्यांचा आवाज बसला. पूर्वीचा गोडवा पुरता परत आला नाही. उरलेल्या आवाजातून त्यांनी नवी गायकी उभी केली. लांब दमाची, वळणावळणाची पण लयीला घट्ट धरून चालणारी, अनवट रागांत रमणारी अशी ही जयपूर-अत्रौली गायकी.

१८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले आणि त्यानंतर लवकरच खाँसाहेब कोल्हापूर दरबारात रुजू झाले. महाराज १९२२ मध्ये गेले, तोवर ते तिथेच होते. याच महाराजांच्या पाठबळावर १९०६ मध्ये कोल्हापुरात मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी राहिली. दरबारी गवई आणि गरिबाचे शिकू पाहणारे पोर, दोघांनाही त्या राज्यात जागा होती, हे शिक्षक म्हणून मला महत्त्वाचे वाटते.

अडचण अशी की खाँसाहेबांचा आवाज आज बाजारात मिळणाऱ्या एकाही ध्वनिमुद्रिकेवर नाही. १९४६ पर्यंत ते हयात होते, ग्रामोफोन तर कधीचा आला होता. तरी त्यांना ऐकायचे तर वाचावे लागते, किंवा शिष्यांच्या गळ्यातून शोधावे लागते.

वाचायला बसलो तर दोन भाषा समोर येतात. खाँसाहेबांनी उतारवयात आपल्या आठवणी नातू अझीझुद्दीन खाँ यांना उर्दूत सांगितल्या, नातवाने त्या लिहून घेतल्या. २००० साली त्या इंग्रजीत पुस्तकरूपाने आल्या. त्यांत बुजुर्गांची नावे आहेत, कोणी कोणाला तालीम दिली याचा हिशेब आहे, संस्थानांतल्या बैठका आहेत. आपल्या घराण्याचे मूळ ते ब्राह्मण कुळात सांगतात, आणि ते सांगताना त्यांना कसलाही संकोच नाही. स्वतः पक्के मुसलमान असण्याशी त्याचा काही झगडा आहे असे त्यांना वाटतच नाही.

टेंबे मराठीत लिहितात आणि ते समोर बसून ऐकणाऱ्याच्या जागेवरून. स्वतः पेटीवादक, ‘मानापमान’चे संगीतकार. गवई समेवर कसा येतो, कुठे अंगावर काटा येतो, हे त्यांना सांगता येते. पुढे त्यांनी खाँसाहेबांचे चरित्रही लिहिले. आजोबा आपले पूर्वज सांगतात, चाहता त्यांचे गाणे सांगतो. एकच पुस्तक वाचले असते तर माणूस अर्धाच कळला असता.

आणि शिष्य? भास्करबुवा बखले यांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघा उस्तादांकडून विद्या घेतली, आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या. उस्तादांच्या बंदिशींचे वळण असे बालगंधर्वांच्या गळ्यातून मराठी घराघरांत गेले. आपल्या आज्या चूल फुंकताना जी पदे गुणगुणत, त्यांत हा वारसा होता. त्यांना तो माहीत असो वा नसो. गोव्याच्या केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर याच खाँसाहेबांच्या शिष्या. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर. १९७७ मध्ये अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. गुरूचा आवाज पृथ्वीवर सापडत नाही, आणि त्यांची तालीम सूर्यमालेच्या पल्याड निघाली आहे.

आज मुले शाळेत येतात तीच भाषांची वाटणी करून. उर्दू म्हणजे आपली, मराठी म्हणजे परीक्षेपुरती. मराठी शाळेतली मुले उर्दूबद्दल असेच काही धरून बसलेली असतात. पण या एका गवयाची गोष्ट पुरी कळायला दोन्ही लागतात. एक भाषा सोडली की आपल्याच आजोबांचे अर्धे आयुष्य हातचे जाते.

उद्या आठवीचा पुन्हा तास आहे. मोबाईलवर केसरबाईंची भैरवी घेऊन जाणार आहे. आधी ऐकवीन, मग त्या मुलालाच विचारीन, “सांग बेटा, हे कोणाकडचे?”