रायमधलं डुक्कर आणि देवाचा पोळ

माझा भाचा चेक देशात, ब्रनोत नोकरीला आहे. परवा बहिणीने फोनवर नेहमीचं "वेळेवर जेवतोस ना?" विचारलं, तर म्हणाला, "आई, मी इथे रायमधल्या डुकरासारखा मजेत आहे." तिला ऐकू आलं 'राईतल्या'. पंचवटीतल्या ओट्यावर बसून ती म्हणाली, "मोहरीत डुक्कर कशाला जाईल? आणि गेलंच तर मजेत कसं राहील?"

राय हे थंड मुलखातलं धान्य. त्याचा काळपट, जड पाव होतो. चेक लोकांचा मूळ वाक्प्रचार आहे 'मीत से याको प्रासे व झित्ये', म्हणजे रायच्या उभ्या पिकात घुसलेल्या डुकरासारखं असणं. खाण्याची ददात नाही, कामाचा ताप नाही, हटकणारं कुणी नाही. मराठीत असं हौसेने स्वतःला डुक्कर म्हणवून घ्यायची सोय नाही. आपल्याकडे ही जागा देवाला सोडलेल्या पोळाने अडवली आहे. डाग देऊन मोकळा सोडलेला हा वळू कुणाच्याही शेतात तोंड घालतो आणि त्याच्यावर काठी उगारायची चोरी. चेक डुकराला निदान मालक येईल ही धास्ती असणार. आपल्या पोळाला धर्माचं अभय. म्हणूनच असेल, हा शब्द आपण स्वतःबद्दल कधी काढत नाही. तो दिराच्या मुलासाठी, नाहीतर मनातल्या मनात जावयासाठी राखून ठेवलेला असतो.

खरी गंमत डुकरात नाही, धान्यात आहे. 'झित्ये' हे 'झितो' या नामाचं रूप. झितो म्हणजे आता राय, पण शब्द निघाला तो 'झीत' म्हणजे जगणं या क्रियापदापासून. ज्याच्यावर माणूस जगतो ते झितो. हा 'झीत' आपल्या 'जीव'चा लांबचा भाऊबंद आहे. जिणं, जीविका ही सगळी त्याच गोतावळ्यातली. म्हणजे ते डुक्कर नुसत्या पिकात नाही, थेट जगण्याच्या साधनात लोळतं आहे.

आता आपली 'ऐष' बघा. उच्चारताच अत्तर, गिरद्या आणि उधळपट्टी डोळ्यांसमोर येते. अरबीत मात्र ऐश म्हणजे जगणं, आणि कैरोत आजही ऐश म्हणजे रोजची भाकरी. तिकडे जे पोटाला लागतं, ते इथे येईपर्यंत चैनीचं झालं. 'मजा' फारसी, मुळात चव. 'मौज' अरबी, मुळात लाट. इतक्यावर कुणीतरी उत्साहाने सांगेल की आपलं 'जेवण'ही 'जीवन'चंच रूप. मोह मलाही होतो, पण जेवण संस्कृतातल्या 'जेमति', म्हणजे खातो, या रूपाकडे जातं. हिंदीतलं 'जीमना' त्याचंच. आवाज जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही.

जुळणारी सोयरीक वेगळीच आहे: भोजन आणि भोग. दोन्ही 'भुज्' या एकाच धातूचे. खाणं आणि उपभोगणं यांत संस्कृतने भिंत घातलीच नाही. याचा नाशकातला पुरावा पाहायचा तर पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून दहाव्या लेण्यात जावं. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने तिथे एक ठेव कोरून ठेवली आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३००० कार्षापण नाणी ठेवली. २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० पाऊण टक्क्याने. दोन हजारांचं वर्षाचं व्याज २४०. लेण्यात पावसाळा काढणारे भिक्खू २०, प्रत्येकाला कापडासाठी १२ कार्षापण. हिशेब पैशाचाही इकडेतिकडे होत नाही. पुढे अट अशी की मुद्दल परत करायचं नाही, ते 'वढिभोज' आहे. वढी म्हणजे वृद्धी, वाढ, व्याज. भोज म्हणजे भोगायचं. नुसतं व्याज खायचं! सात पिढ्या बसून खातील असं आपण एखाद्या घराण्याबद्दल म्हणतो, त्या 'बसून खाण्या'ची तजवीज इथे चीवरावर राहणाऱ्या भिक्खूंसाठी केलेली आहे, हे मला फार आवडतं.

भिक्खूंच्या वस्तीला संघाराम म्हणत. त्यातला आराम म्हणजे बाग, मन रमवणारी जागा. फारसीतून आलेला 'आराम' म्हणजे विसावा. दोघांचं मूळ एकच, रमण्याचं. फक्त एक घरचा, दुसरा इराणची वारी करून आलेला. दुपारच्या झोपेला आपण वापरतो तो दुसरा.

आणि बागेवरून गाडी नाशिक जिल्ह्यात शिरली की एकाच शब्दाशी थांबते: बागाईत. फारसी बाग, तिचं अनेकवचन बागात, त्यावरून ओलिताखालची जमीन. उलट जिराईत. अरबी 'जिराअत'चा अर्थ नुसता शेती, बरीवाईट कसलीही. पण ज्या मुलखात पाण्यावाचून सगळं अडतं तिथे शेतीच्या या साध्या नावाच्या वाट्याला कोरडवाहू जमीन आली, आणि मान बागेच्या नावाला गेला. ऐषेला बढती मिळाली, जिराअतीची पायरी उतरली. निफाडचा माणूस 'आम्ही बागाईतदार' म्हणतो तेव्हा तो द्राक्षाच्या मांडवाबद्दल जितकं सांगतो तितकंच घराण्याबद्दल. येवला-नांदगावकडे तेवढ्याच एकरांचा मालक हा शब्द जपून वापरतो. लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे जाणते लोकही नुसत्या शब्दावर जात नाहीत. "बागाईत आहे" असं ऐकल्यावर पानाला चुना लावता लावता त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मे महिन्यात विहिरीला किती परस पाणी असतं?"