स्वातंत्र्याचा केक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ४ जुलैच्या राष्ट्रीय सणाला अनेक घरांतील मेजांवर एक केक मांडलेला दिसतो. शुभ्र क्रीमच्या लेपावर स्ट्रॉबेरीचे तांबडे पट्टे, डाव्या कोपऱ्यात ब्ल्यूबेरीचा निळा चौकोन, आणि सुरी फिरली की आत थरावर थर. हा प्रकार १७७६ पासून चालत आला असावा असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः तो बराच अलीकडचा आहे. त्याच्या पूर्वजाची कथा मात्र अधिक बोलकी आहे.

१७९६ साली हार्टफर्ड येथे अमेलिया सिमन्स या स्त्रीचे 'अमेरिकन कुकरी' हे पुस्तक छापले गेले. अमेरिकन व्यक्तीने लिहून अमेरिकेत प्रसिद्ध झालेले पाकशास्त्रावरील हे पहिले पुस्तक मानतात. मुखपृष्ठावर लेखिकेने आपली ओळख 'एक अमेरिकन अनाथ' एवढीच दिली आहे. दुसऱ्या आवृत्तीत तिने तक्रार केली, की हस्तलिखित छापण्याजोगे करून देणाऱ्याने आपल्या संमतीवाचून त्यात फेरफार केले. शिक्षण बेताचे, म्हणून मजकूर दुसऱ्याच्या हाती सोपवावा लागलेला!

याच आवृत्तीत 'इंडिपेंडन्स केक' आढळतो. त्याचे प्रमाण वाचून आजची गृहिणी चकित होईल : पीठ २० पौंड, साखर १५ पौंड, लोणी १० पौंड, अंडी चार डझन, शिवाय वाइन आणि ब्रँडी प्रत्येकी एक क्वार्ट, वर मसाले, मनुका आणि बेदाणे. फुगवण्यासाठी यीस्ट, शेवटी साखरेचा लेप देऊन हिरवी पाने व सोन्याचा वर्ख यांनी सजावट. झेंडा नाही, ताजी फळेही नाहीत. हा एका कुटुंबाचा खाऊ नव्हे, साऱ्या गावाचा आहे.

त्याचाच सोबती 'इलेक्शन केक'. कनेक्टिकटमध्ये निवडणुकीचा दिवस हा सणच असे, आणि जमलेल्या लोकांसाठी घरोघरच्या स्त्रिया हे अजस्र केक भाजीत. मतदान करून पुरुष घरी परतत ते केक खायला. भाजणारीला मत नव्हते. देशभरच्या स्त्रियांना तो अधिकार घटनादुरुस्तीने मिळाला तो १९२० साली. आणि त्या १५ पौंड साखरेचे काय? त्या काळी अमेरिकेत येणारी साखर बव्हंशी वेस्ट इंडीजच्या मळ्यांतली, म्हणजे गुलामांच्या कष्टाची. पुढे ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे फ्रेडरिक डग्लस याने विचारले, की चार जुलैचा हा दिवस गुलामाच्या लेखी कोणता? स्वतः गुलामीतून निसटून आलेला हा वक्ता मुद्दाम दुसऱ्या दिवशी बोलला. स्वातंत्र्याच्या केकची अशी दुसरी बाजू पाककृतीत लिहिलेली नसते.

थरांचा केक आला तो रसायनशास्त्राच्या कृपेने. सिमन्सबाईंच्या पुस्तकातच लाकडाच्या राखेपासून काढलेला एक क्षार वापरलेला आहे. आपल्या पापडखाराचा तो जातभाईच म्हणावा. पुढे हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ साली बेकिंग पावडरच्या एका घटकाचे पेटंट मिळवले, आणि यीस्टने पीठ फुगण्याची तासन्‌तास वाट पाहण्याचे कारण उरले नाही. पातळ, हलक्या चकत्या झटपट भाजून एकीवर एक रचता येऊ लागल्या.

फळांचे म्हणाल, तर बागेतली स्ट्रॉबेरी ही उत्तर अमेरिका आणि चिली येथल्या दोन जातींचे, अठराव्या शतकात युरोपात जन्मलेले संकरित अपत्य. म्हणजे झेंड्याचे तांबडे पट्टे परदेशी पाळण्यात वाढलेले! ब्ल्यूबेरी रानची, फ्रेडरिक कोव्हिल आणि न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी तिला शेतात आणली, आणि लागवडीचे पहिले पीक १९१६ साली बाजारात गेले.

खाद्यपदार्थावर राष्ट्रचिन्ह काढावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे थेट न्यायालयात गेला. २०१३ च्या नाताळात कोइमतूर येथे तिरंगी रंगांतला, अशोकचक्र असलेला भारताच्या नकाशाचा केक कापण्यात आला. समारंभास जिल्हाधिकारी आणि वरिष्ठ पोलीस अधिकारीही हजर होते. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार झाली. २०२१ च्या मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली : असा केक कापणे हा अपमान नव्हे, आणि तसे मानू लागल्यास समारंभानंतर कागदी झेंडा टाकून देणारा प्रत्येकजण अपराधी ठरेल, असा त्या निकालाचा आशय होता.