झुडपांची लागवडीनंतरची निगा (मुंबई उपनगरे)

रोपवाटिकेतून आणलेले झुडूप जमिनीत लावल्यावर त्याची मुळे भोवतालच्या मातीत पसरेपर्यंत पाणी, आच्छादन, खत आणि कीडनियंत्रण या बाबतींत घ्यावी लागणारी काळजी. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली भागांतील सोसायट्यांच्या आवारात जास्वंद, तगर, मोगरा, अनंत, एक्झोरा, कुंती, कण्हेर, अडुळसा ही झुडपे सर्रास दिसतात. निगेचा काळ साधारण एका पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा असतो आणि त्यात पहिला ऑक्टोबर सर्वांत धोक्याचा.

मुंबईत नैऋत्य मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. सांताक्रूझला या चार महिन्यांत सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. जून-जुलैत लावलेले झुडूप पावसाच्या भरवशावर टवटवीत राहते, पालवी धरते, त्यामुळे ते रुजले असा समज होतो. पण पाणी आयते मिळत असल्याने मुळे वरच्या थरातच राहिलेली असतात. ऑक्टोबरमध्ये दिवसाचे तापमान मेच्या तोडीचे होते, माती भराभर वाळते, आणि माळ्याने अजून पाइप बाहेर काढलेला नसतो. पावसाळ्यात जगलेली झुडपे दिवाळीच्या तोंडावर माना टाकतात ती यामुळे. सलग चार-पाच दिवस उघडीप मिळाली की, मग तो सप्टेंबर का असेना, पाणी सुरू करणे हाच यावरचा उपाय.

पिशवीतल्या रोपाच्या मुळांभोवती मातीचा जो घट्ट गोळा असतो त्याला हुंडी म्हणतात. पहिले काही आठवडे झुडूप फक्त या हुंडीतलेच पाणी पिते. खड्ड्यातील माती ओली असूनही हुंडी आतून कोरडी ठणठणीत असू शकते, कारण पिशवीतील लाल माती एकदा सुकली की कडक होते आणि पाणी तिच्या कडेने निघून जाते. म्हणून लावण्याआधी हुंडी पाण्याने पूर्ण भिजवून घेतात, पिशवी कापून काढतात आणि तळाशी गोल गुंडाळलेली मुळे हलक्या हाताने मोकळी करतात. खोड पिशवीत जेवढे मातीत होते तेवढेच जमिनीत ठेवतात. खोल गाडल्यास बुंध्याची साल कुजते. सुरुवातीचे पाणी बुंध्यालगत, हुंडीवरच सोडायचे असते. महिन्याभरानंतर आळे रुंद करून पाणी बाहेरच्या अंगाला दिले म्हणजे मुळेही तिकडे सरकतात.

पाणी किती आणि केव्हा, याचा निर्णय वाफशावर करावा. मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची ही स्थिती. बोट दोन पेरे आत घालून पाहिल्यावर माती गार लागली, पण चिखल चिकटला नाही, तर पाण्याची गरज नाही. मध्यम आकाराच्या झुडपाला एका वेळी चार-पाच लिटर, म्हणजे अर्धी बादली पुरते. कोरड्या दिवसांत पहिले दोन आठवडे रोज, पुढचा महिना दिवसाआड आणि नंतर आठवड्यातून दोनदा, असा ढोबळ क्रम आहे. रोज झारीने पाने भिजवून वरची इंचभर माती ओली करणे मात्र निरुपयोगी. त्याने मुळे वरच अडकतात. दुपारी पाने लोंबली म्हणून लगेच पाणी ओतू नये. कोरड पडली तरी पाने लोंबतात आणि मुळे पाण्यात बुडून कुजली तरी लोंबतात. फरक फक्त मातीला हात लावून कळतो. मुसळधार पावसात आळ्याची एक बाजू फोडून पाण्याला वाट करून देणे पाणी घालण्याइतकेच महत्त्वाचे.

उपनगरांतील मातीचा प्रश्न वेगळा आहे. डोंगरउतारावर मुरूम असल्याने पाणी टिकत नाही. पुनर्विकास झालेल्या इमारतींच्या आवारात मातीखाली डेब्रिज असते आणि त्यातील चुना-सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते. अशा जागी अनंत आणि एक्झोऱ्याची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोह न मिळाल्याचे लक्षण आहे. जास्त पाणी देऊन ते बरे होत नाही, खड्ड्यातील भराव काढून चांगली माती व शेणखत घालावे लागते. खाडी आणि मिठागरांच्या बाजूला विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मचूळ असल्यास पानांच्या कडा करपतात. तिथे कण्हेर आणि बोगनवेल तग धरतात, अनंत सहसा टिकत नाही.

ऑक्टोबरपासून बुंध्याभोवती दोन-तीन इंच सुक्या पाल्याचे आच्छादन घातल्यास ओल बरीच टिकते. ते खोडापासून चार बोटे दूर हवे. आवारात झाडून गोळा केलेला पाला कचऱ्यात देण्याऐवजी याच कामी यावा. सोसायटीतल्या ओल्या कचऱ्याचे खत पूर्ण कुजल्याशिवाय वापरू नये, कारण अर्धवट खत कुजताना तापते व मुळे भाजते. रासायनिक खत पहिले दीड-दोन महिने देत नाहीत. छाटणीही मोडक्या फांद्यांपुरतीच, कारण नवी मुळे वाढवायला लागणारे अन्न पानेच पुरवतात.

पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकी गोगलगाई रात्रीतून कोवळे शेंडे फस्त करतात. त्या अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन, हातमोजे घालून वेचाव्यात. आळ्यात मीठ टाकल्यास माती खारावते. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा थर दिसला की तो पिठ्या ढेकूण. फांदीवर मुंग्यांची रांग असेल तर पानांच्या बेचक्यांत तो सापडतोच. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा आणि जुन्या दातब्रशने घासणे पुरते, पुढे निंबोळी तेल फवारतात.

मार्चमध्ये जमिनीवरून येणारे कोरडे पूर्वेचे वारे ही दुसरी परीक्षा. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. अशा दिवसांत नव्या झुडपाला सकाळी भरपूर पाणी आणि पश्चिमेच्या भिंतीलगत असल्यास तात्पुरती हिरवी जाळी लागते. पाणीकपातीच्या काळात धुण्या-भांड्यांचे साबणाचे पाणी टाळून तांदूळ-भाजी धुतलेले पाणी वापरता येते. दुसऱ्या पावसात बुंध्यापासून वीतभर अंतरावर उकरल्यावर पांढरी नवी मुळे दिसली, तर झुडूप रुजले. त्यानंतर जास्वंद, मोगरा यांना कोरड्या महिन्यांत आठवड्याला एक-दोन पाणी लागतेच. कण्हेर आणि अडुळसा दहा-बारा दिवसांच्या अंतरावरही निभावतात.