दर्शक रंगाची खोटी साक्ष

आम्लांत निळा लिटमस कागद तांबडा होतो, हें आपण सर्वजण शाळेंत शिकलों. दर्शकानें केवळ सांगावें, स्वतः कांहीं करूं नये, अशी आपली अपेक्षा असते. अशाच एका दर्शकानें संशोधकांना कसें चकविलें, तो इतिहास आज सांगावयाचा आहे.

१९७३ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट येथें हर्बर्ट सूल व त्यांचे सहकारी यांनीं स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींचा एक वंश शरीराबाहेर वाढविल्याचें प्रसिद्ध केलें. तेथील मिशिगन कॅन्सर फाउंडेशनवरून त्यास एम्. सी. एफ्.-७ हें नांव मिळालें. इस्ट्रोजन या स्त्रीदेहांतील अंतःस्रावानें ह्या पेशींची वाढ होते. म्हणून त्यास विरोध करणारीं टॅमॉक्सिफेनसारखीं औषधें त्यांच्यावर पारखलीं जाऊं लागलीं.

परंतु एक कोडें पडे. पोषक द्रवांत इस्ट्रोजन घालूनही कधीं कधीं वाढींत फारसा फरक दिसत नसे. उलट इस्ट्रोजन नसतांही टॅमॉक्सिफेननें वाढ खुंटे. समोर शत्रूच नसेल, तर औषध लढत होतें कोणाशीं? द्रवांत मिसळावयाच्या रक्तरसांतील अंतःस्राव काढून टाकण्याची काळजी संशोधक घेत. खुद्द द्रवाकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलें नव्हतें.

त्या द्रवांत फेनॉल रेड नांवाचा रंग असे. द्रव आम्ल झाला कीं पिवळा पडावा, अल्क झाला कीं गुलाबी व्हावा, एवढेंच त्याचें काम. १९८६ सालीं इलिनॉय विद्यापीठांतील बेनिटा व जॉन कॅट्झेनेलेनबोगेन हें दांपत्य आणि त्यांच्या सहकारी बेर्थुआ यांनीं दाखविलें कीं, या रंगाच्या द्रवांत एम्. सी. एफ्.-७ पेशींची संख्या रंगहीन द्रवांतल्यापेक्षां दुप्पट होते. इस्ट्रोजन ग्रहण न करणाऱ्या दुसऱ्या एका वंशावर मात्र त्याचा परिणाम नव्हता. रंग काढून घेतांच टॅमॉक्सिफेननें एकट्यानें वाढ खुंटविणेंही थांबलें. १९८८ सालीं आणखी उलगडा झाला: दोष मूळ रंगाचा नव्हता, बाजारी रंगांत राहिलेल्या भेसळीचा होता.

आज अशा प्रयोगांसाठीं फेनॉल रेडविरहित द्रव आणि कोळशानें शुद्ध केलेला रक्तरस वापरतात. औषधाची पारख चुकली, तर त्याचा भार शेवटीं रुग्ण स्त्रियांवर पडतो. म्हणून पेशींचें उत्तर ऐकण्यापूर्वीं त्यांना कशांत ठेविलें होतें, हें विचारलेंच पाहिजे.