वैद्यकीय समस्थानिके : इलेक्ट्रॉन त्वरकाद्वारे निर्मिती

रोगनिदान व उपचार यांसाठी लागणारी किरणोत्सारी समस्थानिके अणुभट्टीविना मिळवण्याची एक पद्धत. वेगवान इलेक्ट्रॉन टँटलमसारख्या जड धातूत अडवले की प्रखर क्ष-किरण निघतात. त्यांतील ८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टांहून थोड्या अधिक ऊर्जेचा फोटॉन मॉलिब्डेनम-१०० च्या अणुकेंद्रातून एक न्यूट्रॉन बाहेर काढू शकतो व मॉलिब्डेनम-९९ तयार होते. त्याचे अर्धायुष्य ६६ तास. त्याच्या क्षयातून मिळणारे टेक्नेशियम-९९एम अवघ्या ६ तासांत निम्मे होते. हाडे व हृदय यांच्या चित्रणात तेच सर्वाधिक वापरले जाते. असा माल साठवता येत नाही, हे या पद्धतीच्या समर्थनाचे मूळ आहे. कॅनडातील चॉक रिव्हरची एनआरयू अणुभट्टी मे २००९ पासून ऑगस्ट २०१० पर्यंत बंद पडली, तेव्हा जगभरच्या रुग्णालयांत तुटवडा झाला. २०१८ मध्ये ती कायमची बंद झाली. त्याआधीच सॅस्काटून येथील कॅनेडियन लाइट सोर्समध्ये ३५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टांचा रेषीय त्वरक याच कामासाठी उभा राहिला होता.

उत्पादन तोकडे पडते, हा नेहमीचा आक्षेप. एका त्वरकापुरता तो खरा आहे. परंतु त्वरक अनेक ठिकाणी बसवता येतात, ते सगळे एकाच दिवशी बंद पडत नाहीत, आणि त्यांना समृद्ध युरेनियम लागत नाही की विखंडनाचा कचरा सांभाळावा लागत नाही. खरी अडचण रसायनाची आहे. युरेनियमच्या विखंडनातून आलेले मॉलिब्डेनम-९९ जवळजवळ निर्भेळ वेगळे करता येते. त्वरकातले मात्र न बदललेल्या मॉलिब्डेनम-१०० मध्ये मिसळलेले राहते. मूलद्रव्य एकच असल्याने रासायनिक रीतीने ते वेगळे होत नाही, म्हणून मॉलिब्डेनममधून टेक्नेशियम काढून देणाऱ्या जनित्रातील ॲल्युमिनाचा नेहमीचा लहान स्तंभ अपुरा पडतो. शिवाय नैसर्गिक मॉलिब्डेनममध्ये मॉलिब्डेनम-१०० जेमतेम १० टक्के असते; समृद्ध केलेला माल महाग पडतो व तो परत मिळवून पुन्हा वापरावा लागतो. तरीही ही अडचण अभेद्य नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अशा विरळ मॉलिब्डेनमवर चालणाऱ्या जनित्राला मान्यता दिली. भारतात तर अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषून बनलेल्या, तितक्याच विरळ मॉलिब्डेनममधून मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकाने टेक्नेशियम काढून घेण्याची रीत अनेक वर्षे रुळलेली होती.

इतर समस्थानिके : जस्त-६८ पासून तांबे-६७, रेडियम-२२६ पासून रेडियम-२२५ व त्याच्या क्षयातून ॲक्टिनियम-२२५.

तांबे-६७ च्या बाबतीत वरची अडचण उरत नाही. जस्त व तांबे ही भिन्न मूलद्रव्ये असल्याने ती रासायनिक रीतीने वेगळी होतात. म्हणून मॉलिब्डेनमसाठी इलेक्ट्रॉन त्वरक हा अणुभट्टीला पूरक मार्ग ठरतो, तर तांबे-६७ साठी तोच मुख्य मार्ग मानणे योग्य होय.